भुतांच्या वाड्यांतील रसविचार

निव्वळ करमणुकीसाठीं निर्माण झालेल्या वस्तूंची रसदृष्ट्या चिकित्सा करूं नये, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. नाटकाची चिकित्सा करावी. चित्रपटाचीहि आतां पुष्कळ होते. परंतु जेथें तिकीट काढून गाडींत बसावयाचें, पांच-दहा मिनिटें अंधारांतून फिरावयाचें आणि हंसत-ओरडत बाहेर पडावयाचें, तेथें भरत-अभिनवगुप्तांचें काय काम, असें वाटणें स्वाभाविक आहे. आम्हांस ही समजूत मान्य नाहीं. थीम पार्क या नांवानें जगभर प्रसिद्ध असलेल्या उद्यानांतील उत्तम सफरी रचणारे लोक चित्रकार, शिल्पकार, लेखक व यंत्रज्ञ असतात, आणि त्यांच्यापुढें उभा राहणारा मुख्य प्रश्न हा नाट्याच्या जुन्यांतील जुना प्रश्न आहे. प्रेक्षकास कल्पित सृष्टींत किती बुडवावयाचें, आणि त्याला मोकळेपणानें हंसावयास किती जागा ठेवावयाची? पहिलीस आपण तन्मयता म्हणूं, दुसरीस मौज.

या प्रश्नाचें सामान्य उत्तर तराजूचें असतें. थोडी तन्मयता, थोडी मौज. एक पारडें जड झालें कीं दुसऱ्यांत थोडें टाकावें. हें उत्तर ऐकावयास शहाणपणाचें वाटतें, पण त्यानें कोणतीहि चांगली कृति उलगडत नाहीं, असें आमचें मत आहे. तें तपासण्यासाठीं आम्ही एकच कृति घेतों: कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँडमधला भुतांचा वाडा, म्हणजे 'हाँटेड मॅन्शन'.

वॉल्ट डिस्ने यानें हें उद्यान १९५५ सालीं अ‍ॅनाहाइम येथें उघडलें. आपल्या मुलींना फिरत्या घोड्यांवर बसवून बापानें बाकावर शेंगा खात बसावयाचें, त्यापेक्षां वडील माणसें व मुलें यांना एकत्र मौज करतां येईल अशी जागा कां असूं नये, या विचारांतून उद्यानाची कल्पना निघाली, असें तो सांगत असे. हा हेतु वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची गरज लागेल. वाड्याची बाहेरची इमारत १९६३ सालीं उभी राहिली आणि आंत कांहींच नसल्यामुळें कित्येक वर्षें तशीच बंद राहिली. डिसेंबर १९६६ मध्यें डिस्ने वारला. वाडा लोकांस खुला झाला तो ९ ऑगस्ट १९६९ रोजीं. ज्याचा शब्द अखेरचा मानला जाई तो पुरुष गेल्यावर हें काम दोन भिन्न प्रकृतीच्या कलावंतांच्या हातीं राहिलें, आणि आमच्या विषयाचा खरा आरंभ तेथेंच होतो.

त्यांपैकीं क्लॉड कोट्स हा पार्श्वचित्रकार. 'स्नो व्हाइट', 'पिनोकिओ' इत्यादि चित्रपटांच्या पार्श्वभूमि रंगविण्यांत त्याची उमेद गेली होती. ओसाड गल्ली, दिवा विझलेली खोली, दारामागचा काळोख, यांतूनच मनुष्याच्या मनावर परिणाम घडवावा ही त्याची रीति. दुसरा मार्क डेव्हिस. हा पात्रें घडविणारा. मॅलेफिसंट ही दुष्ट परी आणि क्रुएला ही कातड्यांची हांवरी बाई या त्याच्या हातच्या. त्याला रिकामी खोली सोसत नसे. तेथें कोणी तरी असावें, तें कांहीं तरी विचित्र करीत असावें, आणि पाहणाऱ्यास तें एका दृष्टिक्षेपांत उमगून हंसूं यावें, हा त्याचा बाणा. वाड्यांत शिरणारा मनुष्य भ्याला पाहिजे असें कोट्सचें म्हणणें. तो हंसला पाहिजे असें डेव्हिसचें. संवादलेखनाचें व पदरचनेचें काम एक्स अटेन्सियो याच्याकडे होतें, आणि रॉली क्रम्प व येल ग्रेसी या जोडीनें दृष्टिभ्रमाचे प्रयोग आधींच करून ठेवले होते. पुढें जें तयार झालें त्याला बहुतेक सर्व टीकाकार तडजोड म्हणतात: पूर्वार्ध कोट्सचा, उत्तरार्ध डेव्हिसचा. ही वाटणी ढोबळ मानानें खरी आहे. मात्र तडजोड हा शब्द चुकीचा आहे, आणि तो कां चुकीचा आहे हें पाहण्यासाठीं वाड्यांतून एकदां सावकाश फिरलें पाहिजे.

प्रथम प्रेक्षकांना एका अष्टकोनी दालनांत उभें करितात. दार मिटतें, आणि तें कोठें होतें हेंहि मग सांगतां येत नाहीं. भिंती हळूहळू उंच होऊं लागतात. वस्तुतः हें दालन म्हणजे खालीं उतरणारी लिफ्ट आहे. सफरीची मुख्य इमारत उद्यानाभोंवतीं फिरणाऱ्या आगगाडीच्या रुळांपलीकडे बांधावी लागल्यामुळें लोकांस जमिनीखालून तिकडे नेणें भाग होतें. या अडचणीचेंच भयसाधन करण्यांत आलें. (फ्लॉरिडामधील १९७१ सालच्या वाड्यास ही अडचण नव्हती, तरी हा प्रकार इतका आवडता ठरला होता कीं तेथें प्रेक्षकांस जागेवर ठेवून छतच वर चढवितात.) भिंतींबरोबर त्यांवरील चार तसबिरीहि लांबत जातात. छत्री घेतलेली सुंदर तरुणी दोरीवर उभी असल्याचें दिसूं लागतें, आणि दोरीखालीं मगर जबडा वासून बसलेली असते. भारदस्त मुद्रेच्या गृहस्थाच्या अंगांत विजार नसते, आणि तो सुरुंगाच्या पिंपावर उभा असतो. हें डेव्हिसचें काम, लोक हंसतात. इतक्यांत दिवे जातात, वीज चमकते, आणि वर तुळईला लटकलेलें प्रेत दिसतें.

यानंतर भूत म्हणून जवळजवळ कांहींच दिसत नाहीं. काळ्या, शिंपल्यासारख्या गाड्यांची एक अखंड माळ संथपणें सरकत असते, तींत बसावयाचें. एक लांबच लांब बोळ, ज्याचें दुसरें टोंक दिसत नाहीं; त्यांत अधांतरीं तरंगणारें मेणबत्त्यांचें झाड. एक शवपेटिका, जिचें झांकण आंतले हात उचलूं पाहतात. मग दारांची रांग: कोणी आंतून ठोठावतें, एका दाराची फळी श्वास घेतल्याप्रमाणें फुगते व ओसरते. घड्याळाच्या तबकडीवर तेरा आंकडे असतात. येथें कोट्सचें राज्य आहे, आणि तें निर्वेध आहे. दार उघडून कोणी बाहेर आलें असतें तर प्रेक्षक दचकला असता व लगेच सुटला असता. दार उघडत नाहीं म्हणूनच भीति पुढच्या बोळांत त्याच्याबरोबर येते.

आणि मग एक वर्तुळाकार काळी खोली. मध्यभागीं स्फटिकाचा गोल, गोलांत एका बाईचें बोलतें मस्तक. ही मादाम लिओटा. तिच्या भोंवतीं वाद्यें हवेंत फिरत असतात, आणि ती वाड्यांतल्या अदृश्य रहिवाशांना प्रकट होण्याचें आवाहन करिते. ही खोली भयंकर नाहीं. ती विनोदीहि नाहीं. प्रेक्षक येथें किंचाळत नाहीं आणि हंसतहि नाहीं. तो नुसता पाहतो व 'हें कसें केलें असेल?' असें मनाशीं म्हणतो. गाडी त्या खोलीला वळसा घालून बाहेर पडते तों समोर खालीं विशाल नृत्यशाळा दिसते, आणि तींत पारदर्शक भुतांच्या जोड्या नाचत असतात, मेजवानी चाललेली असते, तसबिरींतले दोन वीर एकमेकांवर पिस्तुलें झाडीत असतात. आवाहन फळास आलें! येथपासून शेवटच्या स्मशानापर्यंत, जेथें पांच दगडी अर्धपुतळे मिळून गाणें म्हणतात, सर्व डेव्हिसचें राज्य. नृत्यशाळेची युक्ति जुनीच आहे: मोठी कांच तिरकस उभी करून आड ठेवलेल्या प्रकाशित आकृतींचें प्रतिबिंब रंगभूमीवर पाडावयाचें. प्रोफेसर पेपर यानें लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्यें १८६२ सालीं ती प्रथम लोकांपुढें आणली. प्रतिबिंबांत डावें-उजवें उलटतें हें मात्र नृत्य बसवितांना कोणाच्या ध्यानांत आलें नसावें. त्यामुळें वाड्यांतल्या नाचांत पुरुषांऐवजीं बायकाच पुढाकार घेतांना दिसतात. भुतांच्या राज्यांत ही सुधारणा आधीं झाली असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां रसशास्त्राकडे वळूं. भयानक व हास्य हे एकमेकांचे विरोधी रस, असें विश्वनाथानें साहित्यदर्पणांत स्पष्ट सांगितलें आहे, आणि व्यवहारांतहि तें खरें आहे: भ्यालेला मनुष्य विनोद ऐकत नाहीं, आणि हंसणारा मनुष्य भीत नाहीं. मग दोहोंचा एका कृतींत मेळ बसावा कसा? हा प्रश्न आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतांत हाताळला आहे. तो सांगतो कीं विरोधी रसांचा आश्रय निरनिराळा ठेवला तर विरोध टळतो. आणि एकाच आश्रयांत ते आणावयाचे असतील तर त्यांच्यामध्यें दोघांशींहि न भांडणारा तिसरा रस घालावा. त्याचें उदाहरण नागानंद नाटकाचें आहे. जीमूतवाहनाच्या ठिकाणचा शांत व मलयवतीविषयींचा शृंगार हे एकमेकांस न मानवणारे. कवीनें मध्यें अद्भुत घातला आणि एकापासून दुसऱ्याकडे जाणारी वाट सुगम केली.

वाड्याची रचना या दोन्ही नियमांस तंतोतंत उतरते. अष्टकोनी दालनांत हंसूं येतें तें तसबिरींतल्या माणसांच्या फजितीचें, आणि भीति वाटते ती स्वतःविषयीं, कारण दार आपल्यामागें बंद झालेलें असतें. आश्रय निराळे, म्हणून दोन्ही एका खोलींत नांदतात. पुढें मात्र एकाच प्रेक्षकास एकाच भुतावळीविषयीं आधीं भय व मग हंसूं वाटावयास पाहिजे. तेथें मधोमध लिओटाची खोली आहे, आणि ती शुद्ध अद्भुताची आहे. आमच्या वाचकांस कीर्तनाचा दृष्टान्त अधिक जवळचा वाटेल. पूर्वरंगांतील निरूपणानें गंभीर झालेली सभा एकदम उत्तररंगांतील आख्यानावर व त्यांतल्या थट्टेवर आली तर तिला धक्का बसेल. म्हणून बुवा मध्यंतरीं नामाचा गजर करवितात, हार-बुक्का होतो, आणि मग सभा कथेस मोकळी होते. लिओटाची खोली हा वाड्यांतला गजर आहे. ती काढली तर खरोखरच दोन अर्धी तुकडे उरतील, आणि तडजोड हा शब्द मग शोभेल. अमेरिकन रचनाकारांनीं ध्वन्यालोक वाचला होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तंत्राचा नियम खरा असला कीं तो न वाचणाऱ्यांच्या हातूनहि पाळला जातो, आणि मोडला तर त्यांनाहि भोंवतो.

तो मोडल्याचें उदाहरण याच वाड्यांत घडलें. नृत्यशाळा व स्मशान यांच्यामध्यें माळा आहे, आणि माळ्यावर पूर्वीं एक मुकी नववधू उभी असे. तिच्याविषयीं कांहींच सांगितलेलें नव्हतें, फक्त तिचें हृदय अंधारांत धडधडतांना दिसे. २००६ सालीं तिच्या जागीं कॉन्स्टन्स नांवाची वधू आली. हिनें आपल्या नवऱ्यांचीं डोकीं उडविलेलीं. तसबिरींतून तीं डोकीं नाहींशीं होत, हातांत कुऱ्हाड येई, आणि बाईसाहेब विवाहमंत्रांवर कोट्या करीत. कोटी वाईट होती असें नव्हे. पण जिच्या तोंडीं कोटी आली ती भूत राहिली नाहीं, खुनी बाई झाली. भय अद्भुतांतलें न राहतां पोलीसकचेरींतलें झालें, आणि त्याच्यालगत हास्य ठेवतांच दोघेहि फिके पडले. १९ वर्षांनीं, २०२५ च्या आरंभीं, कॅलिफोर्नियाच्या वाड्यांतून ही कुऱ्हाडवाली काढून दुसरी वधू आणण्यांत आली. कारणें कांहीं असोत, रसदृष्ट्या हा न्याय झाला.

येथपर्यंत आम्ही भय व हास्य यांविषयीं बोललों. तन्मयतेचा प्रश्न याहून खोल आहे, कारण अलीकडे एक पंथ असा निघाला आहे कीं तन्मयता जितकी पूर्ण तितकी मौज अधिक. भिंत दिसूं नये, यंत्र दिसूं नये, तिकीट विकणाऱ्यानेंहि आपण त्या कल्पित जगांतले आहों असेंच वागावें. २०१९ सालीं डिस्नेच्या दोन्ही अमेरिकन उद्यानांत 'स्टार वॉर्स' चित्रपटांच्या विश्वाचा एक सबंध भाग उघडला. तेथले नोकर आरंभीं प्रेक्षकांस परग्रहावरच्या भाषेंतलें अभिवादन करीत आणि शौचकूपाससुद्धां त्या विश्वांतलें नांव होतें. ज्या म्हातारबुवांस घाईनें तेथें जावयाचें आहे त्यांच्या तन्मयतेचा विचार कोणी केला होता कीं नाहीं, न कळे.

या पंथास उत्तर देण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. नरसिंह चिंतामण केळकर यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून वाङ्मयानंदास सविकल्प समाधि म्हटलें. दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरावयाचें, पण स्वतःची भूमिका न सोडतां. दोन्ही एकाच वेळीं भोगतां येतात म्हणून आनंद. यावर मराठींत पुढें पुष्कळ खल झाला, आणि काव्याच्या बाबतींत तो सिद्धान्त कितपत पुरतो याविषयीं मतभेद राहिले. परंतु या सफरींच्या कलेस तो असा बेमालूम बसतो कीं जणुं तिच्यासाठींच सांगितला असावा. भुतांच्या वाड्यांत शेवटीं गाडी आरशांसमोरून जाते, आणि आरशांत आपल्या शेजारीं एक भूत बसलेलें दिसतें. आपण स्वतःस पाहतों, भुतासहि पाहतों, आणि हंसतों. ज्यास खरेंच वाटलें असतें कीं शेजारीं भूत आहे, तो हंसला नसता; ज्यास तें मुळींच दिसलें नसतें, तोहि हंसला नसता.

म्हणजे मौज ही तन्मयतेंतून वजा केलेली रक्कम नव्हे. विकल्प शिल्लक राहिलेली तन्मयता म्हणजेच मौज. विकल्प सर्वस्वीं पुसूं पाहिला तर काय होतें याचा अतिशय खर्चिक प्रयोग फ्लॉरिडांत झाला. मार्च २०२२ मध्यें डिस्नेनें 'गॅलॅक्टिक स्टारक्रूझर' नांवाचें खानावळ व नाटक यांचें एक अजब मिश्रण उघडलें. शंभर खोल्या, खिडक्यांच्या जागीं अंतराळ दाखविणारे पडदे, दोन रात्री प्रेक्षकानें त्या अवकाशनौकेवरचा प्रवासी म्हणून राहावयाचें, नटांबरोबर कटांत सामील व्हावयाचें, जेवतांनाहि कथेंतच असावयाचें. दोघांस जवळजवळ ४,८०० डॉलर पडत. नटांच्या कामाची पुष्कळांनीं मनापासून स्तुति केली, आणि ती रास्त असावी. सप्टेंबर २०२३ मध्यें, म्हणजे दीड वर्षांतच, तें बंद झालें. भाडें हें त्याचें उघड कारण सर्वांनीं सांगितलें. आम्हांस त्याबरोबर दुसरेंहि एक दिसतें: दोन दिवस अखंड भूमिकेंत राहणें हें प्रेक्षकाचें काम नव्हे, तें नटाचें काम आहे, आणि नटास त्याबद्दल वेतन मिळतें.

हाच दोष लहान प्रमाणांत त्या भागांतील 'स्मगलर्स रन' या सफरींत २०१९ पासून आहे. सहा जण एका विमानाच्या कोठडींत बसतात: दोघे चालक, दोघे गोलंदाज, दोघे यंत्रज्ञ. कोठडी चित्रपटांतल्या कोठडीची हुबेहूब प्रतिकृति आहे. तींत पाऊल टाकतांना चाहत्यांच्या डोळ्यांस पाणी आलें तर आम्हांस नवल वाटणार नाहीं. पण मागच्या चौघांचीं बटणें बाजूच्या भिंतींवर आहेत. बटण दाबावयाचें तर समोरच्या खिडकींतला देखावा चुकतो. देखावा पाहावा तर काम चुकतें. वरच्या वर्गांतल्या मुलानें खालच्या वर्गांतल्याचें पुस्तक धरावें तसा समोरचा चालक सर्वांची मौज हातांत धरून असतो, आणि तो दहा वर्षांचा असला म्हणजे विमान डोंगरास घासत जातें. मागच्या आसनावर आजीबाई बसल्या असतील तर त्यांना काय मिळालें? येथें बाकावर शेंगा खात बसलेल्या बापाची आठवण होते. त्याला उठवून गाडींत बसविलें, हें ठीक. पण पुन्हां कामाला जुंपलें, त्याला काय म्हणावें? भुतांच्या वाड्यांतल्या गाडीला चाक नाहीं, बटण नाहीं. ती बसणाऱ्यास जेथें पाहावयाचें तेथें वळवून दाखविते, आणि नातू व आजी एकाच क्षणीं एकच वस्तु पाहून एकमेकांकडे तोंड फिरवितात.

नव्या पंथास हें साधतच नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. त्याच भागांत डिसेंबर २०१९ मध्यें फ्लॉरिडांत व पुढच्या महिन्यांत कॅलिफोर्नियांत उघडलेली 'राइज ऑफ द रेझिस्टन्स' ही सफर आमच्या मतें वाड्यानंतरची या जातीची सर्वांत सुबक कृति आहे. तींत प्रेक्षकांस शत्रूच्या नौकेवर कैद करून नेतात. दार उघडतें, आणि अवाढव्य दालनांत पांढऱ्या चिलखतांच्या शिपायांची पलटण रांगेनें उभी असते; क्षणभर कोणी बोलत नाहीं. मग काळ्या गणवेषांतले अधिकारी येतात आणि कैद्यांवर खेंकसूं लागतात: रांगेंत उभे राहा, भिंतीशीं सरका, बोलूं नका. हे अधिकारी उद्यानाचे नोकर आहेत, दिवसभर त्यांना अदबीनें बोलावें लागलें असतें, आणि येथें उद्धटपणाची मुभा मिळाल्यामुळें ते ती मनसोक्त भोगतात. प्रेक्षकांस हें पक्कें ठाऊक असतें. म्हणून लठ्ठ भाडें भरून आलेला गृहस्थ निमूटपणें भिंतीशीं सरकतो, मुलाचा हात घट्ट धरतो, आणि ओंठ मिटून हंसूं दाबतो. अधिकाऱ्यास तें दिसतें. तो कपाळाला आणखी एक आठी घालून पुढच्या कैद्याकडे वळतो.